गवत कोणतं लावायचं, त्याआधी गवताला विसावा किती मिळतो ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा हेक्टर कुरण, मांसासाठी वाढवायची ३० जनावरं, सरासरी वजन ३०० किलो. कुरणाचे चार सारखे तुकडे केलेत आणि दर सात दिवसांनी कळप पुढच्या तुकड्यात नेता. ओल्या हंगामात गवत कमरेएवढं होऊन निबर होतं आणि निम्मं पायाखाली जातं. ओल संपली की दोन महिन्यांत जमीन उघडी पडते आणि वजन वाढायचं थांबतं. म्हणून जास्त उत्पन्न देणारं कोणतं गवत लावावं, असं तुम्ही विचारलंत.

बियाणं बदलून हे दुखणं जाणार नाही. नवं गवतही याच चार तुकड्यांत, याच सात दिवसांत सापडेल आणि दोन-तीन वर्षांत त्याचीही हीच गत होईल. दुखणं दोन ठिकाणी आहे: जनावरं एका तुकड्यात फार दिवस राहतात, आणि वर्षभराच्या हिशेबात ती या कुरणाला जास्त आहेत. पहिलं दुखणं कुंपणाने सुटतं, दुसरं सुटत नाही. दोन्ही वेगळं करून पाहू.

वाढीचं जनावर दिवसाला वजनाच्या साधारण अडीच टक्के कोरडं द्रव्य खातं. कोरडं द्रव्य म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून जे उरतं ते. ३० जनावरं गुणिले ३०० किलो म्हणजे ९,००० किलो जिवंत वजन, त्याचे अडीच टक्के २२५ किलो. सात दिवसांची गरज झाली १,५७५ किलो. आता ओल्या हंगामात हेक्टरी २,५०० किलो कोरडं द्रव्य उभं आहे आणि त्यातलं निम्मंच खाऊ द्यायचं, असं धरा. तुमच्या अडीच हेक्टरच्या तुकड्यात खाण्याजोगं ३,१२५ किलो आहे, म्हणजे गरजेच्या दुप्पट. पुढ्यात दुप्पट चारा असला की जनावर निवडून खातं. कोवळा शेंडा खातं, जाड काडी सोडतं, आणि सोडलेली काडी निबर होते.

त्याच तुकड्यात चौथ्या-पाचव्या दिवशी खाली वाकून बघा. पहिल्या दिवशी खाल्लेला एखादा ठोंब हातात धरा. जुन्या पानांची टोकं तुटून वाळलेली दिसतील आणि ठोंबाच्या मधून फिक्या हिरव्या रंगाचं, बोटभर नवं पान वर आलेलं असेल. हे पान अजून स्वतःचं पोट भरत नाही, ते बुडख्यातल्या आणि मुळातल्या साठ्यावर वाढतंय. जनावराला मात्र तेच सगळ्यांत गोड लागतं. शेजारी वीतभर अंतरावर हात न लागलेला निबर ठोंब उभा असतो आणि जनावर पुन्हा या खाल्लेल्या ठोंबाकडेच येतं. म्हणजे एकाच तुकड्यात, एकाच आठवड्यात, एका ठोंबावर अतिचराई आणि शेजारच्यावर चराईच नाही. दोनेक वर्षांत चांगल्या जातीचे ठोंब मरतात आणि जनावर तोंड लावत नाही ती झाडं उरतात. आंद्रे व्हॉइसीन या फ्रेंच अभ्यासकाने १९५० च्या दशकात हीच गोष्ट मांडली: अतिचराई किती जनावरं सोडली यावर कमी आणि ती किती दिवस राहिली, किती दिवसांनी परत आली यावर जास्त ठरते.

निम्मंच का खाऊ द्यायचं, याचं उत्तर जमिनीखाली आहे. फ्रँकलिन क्राइडर या अमेरिकी संशोधकाने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गवताचा निम्म्यापर्यंत पाला काढला तर मुळांच्या वाढीवर फारसा परिणाम झाला नाही. ८० टक्के पाला काढला तेव्हा मुळांची वाढ सुमारे १२ दिवस पूर्ण थांबली, ९० टक्के काढल्यावर सुमारे १७ दिवस. ओल संपल्यावर तुमची जमीन इतक्या लवकर उघडी पडते ती याचमुळे. वरचं गवत संपण्याआधी खालची मुळं आखूड झालेली असतात आणि खोलातली ओल त्यांच्या हाती लागत नाही.

कोरड्या काळात चक्र उलटं फिरतं. समजा उभं कोरडं द्रव्य हेक्टरी १,००० किलोवर आलं. तुकड्यात खाण्याजोगं उरलं १,२५० किलो आणि कळपाला हवं १,५७५. तुम्ही मात्र ठरलेले सात दिवस पाळता, म्हणून शेवटचे दीड-दोन दिवस जनावरं बुडखे खरवडतात. एकच वेळापत्रक ओल्यात सैल पडतं आणि कोरड्यात गळफास होतं. दिवस ठरवून कळप फिरवायचाच नाही, गवताची उंची पाहून फिरवायचा.

कोणत्या उंचीला शिरायचं आणि कोणत्या उंचीला बाहेर पडायचं, हे गवताच्या जातीवर आहे. राय गवतासारखी थंड हवामानातली बुटकी गवतं २० ते २५ सेंटिमीटरला चारायची आणि ६ ते ८ वर सोडायची. जमिनीवर पसरणारी, धावत्या खोडाची उष्ण प्रदेशातली गवतं थोडी आणखी खाली गेली तरी सावरतात, कारण त्यांचे डोळे, म्हणजे नवा फुटवा निघतो त्या जागा, जमिनीलगत असतात. उंच ठोंबाच्या गिनी गवताचं तसं नाही. मोंबासासारख्या जातीत ८० ते ९० सेंटिमीटरला शिरायचं आणि निम्म्या उंचीला, म्हणजे ४० ते ४५ वर बाहेर पडायचं. ‘अजून भरपूर आहे की’ असं वाटून तेच गवत वीतभर उंचीपर्यंत चारलं तर पुढचा फुटवा नुसत्या काड्यांतून येतो. तुमच्याकडे मिश्र गवत असेल तर जे सगळ्यांत महत्त्वाचं, त्याच्या उंचीप्रमाणे चाला. पट्टी घेऊन दहा-बारा ठिकाणी मोजा. बांधावरून बघून अंदाज केला की तो नेहमी जास्तच येतो, कारण तिरक्या नजरेला गवत दाट दिसतं.

मुक्काम तीन दिवसांचा, फार तर चार. त्यापुढे नव्या पानावर दुसरा घास पडतोच. विसावा वाढीच्या वेगाप्रमाणे: भरात २० ते २५ दिवस, वाढ मंदावली की ४० ते ४५, आणि वाढ थांबलेली असेल तर दिवस मोजण्यात अर्थ नाही, उंची परत येईपर्यंत थांबायचं. तुकड्यांची संख्या यावरूनच निघते. विसाव्याचे दिवस भागिले मुक्कामाचे दिवस, अधिक एक. ४५ दिवस विसावा आणि तीन दिवस मुक्काम म्हणजे १६ तुकडे. तुमच्या प्रत्येक तुकड्याचे चार केले की १६ होतात, प्रत्येकी साधारण ६२ गुंठे. हेक्टरी २,५०० किलोच्या गवतात एवढ्या तुकड्यात सुमारे ७८० किलो खाण्याजोगं असतं, म्हणजे तुमच्या कळपाला साडेतीन दिवसांचं. मापात बसतं.

हे २,५०० किलो मी धरलेला आकडा आहे, तुमचा तुम्हीच काढायचा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची लोखंडी चौकट करून घ्या. तुकड्यात चालत जाऊन, चांगली-वाईट जागा न निवडता, सात-आठ ठिकाणी ती टाका. आतलं गवत जमिनीलगत कापून वजन करा आणि सरासरी काढा. त्यातलं १०० ग्रॅम बारीक चिरून मायक्रोवेव्हमध्ये दोन-दोन मिनिटं वाळवा. आत पाण्याचा कप ठेवा, नाहीतर गवत पेटतं. वजन उतरायचं थांबलं की उरलेले ग्रॅम म्हणजे कोरड्या द्रव्याची टक्केवारी. मायक्रोवेव्ह नसेल तर कडक उन्हात पसरून, रोज वजन करून हेच साधतं. चौकटीतलं कोरडं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि ४० ने गुणा, हेक्टरी किलो मिळतात. उदाहरणार्थ, सरासरी ३१२ ग्रॅम ओलं गवत आणि त्यात २० टक्के कोरडं द्रव्य: ६२ ग्रॅम गुणिले ४०, म्हणजे साधारण २,५०० किलो. चार-पाच वेळा असं मोजलं की उंची आणि किलो यांचा मेळ डोळ्यात बसतो आणि मग पट्टीवर भागतं.

आता दुसरं दुखणं. २२५ किलो रोज म्हणजे वर्षाला ८२ टन कोरडं द्रव्य. वजन वाढेल तशी ही गरजही वाढते, ४०० किलोच्या जनावराला तिसऱ्या हिश्शाने जास्त लागतं. तुमचं कुरण हेक्टरी वर्षाला ८ टन वाढतं असं धरलं, तर एकूण ८० टन. त्यातलं तुडवण्यात, शेणाखाली, वाळण्यात आणि ठेवायच्या बुडख्यात जाणारं वजा करून निम्मं पोटात जातं, म्हणजे ४० टन. हा १७५-१८० दिवसांचा चारा झाला. पाऊस, माती आणि खत यांवर हा ८ टनांचा आकडा खूप हलतो, पण हिशेबाची रीत बदलत नाही. अशा कुरणावर ३०० किलोची १५ जनावरं वर्षभर राहतील, किंवा ३० जनावरं वाढीच्या सहा महिन्यांपुरती. मला दुसरी वाट जास्त पटते. गवत जोरात असताना कळप मोठा ठेवायचा आणि कोरडं सुरू होण्याआधी जड जनावरं विकून निम्म्यावर यायचं. वजन वाढायचं थांबल्यावर दोन महिने वाट पाहून विकलेलं जनावर त्या दोन महिन्यांचा चारा फुकट खाऊन जातं आणि कुरणाची पुढच्या हंगामाची मुळंही सोबत नेतं.

जनावरं विकायची नसतील तर चारा साठवावा लागेल, आणि त्याची सोय याच १६ तुकड्यांत आहे. भरात गवत हेक्टरी रोज ८० किलोने वाढत असेल तर दहा हेक्टरवर ८०० किलो, खाण्याजोगं ४००. गरज २२५. म्हणून त्या काळात कळप नऊ तुकड्यांतच फिरवा. तीन-तीन दिवसांनी २४ दिवस विसावा मिळतो. बाकीचे सात तुकडे बंद ठेवा आणि फुलोरा येताना कापा. तुमचं कमरेएवढं निबर गवत म्हणजे हाच न कापलेला शिल्लक चारा आहे. मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, करत असाल तर कोरडं द्रव्य ३० ते ३५ टक्के असावं. मुठीत घट्ट दाबल्यावर रस गळत असेल तर काही तास सुकू द्या. दोन-तीन सेंटिमीटर तुकडे करा, थर देऊन कच्चून दाबा आणि हवा शिरणार नाही असं झाका. दीड महिन्याने उघडा. मुरघास बिघडतो तो बहुतेक वेळा दाबण्यात कसूर राहिल्याने. आत हवा राहिली की बुरशी आलीच, आणि बुरशीचा भाग जनावरापुढे टाकायचा नाही. गवत वाळवून गंजी लावायची असेल तर साठवताना ओल १५ टक्क्यांच्या आसपास हवी, त्याहून बरीच जास्त राहिली तर गंजी आतून तापते.

वाढीच्या शेवटी दोन-तीन तुकडे उभेच राखून ठेवा. राखलेलं रान पौष्टिक नसतं, पण पोट भरतं. तेही संपलं की कळप सगळीकडे सोडू नका. पाण्याजवळच्या, मुरमाड अशा एकाच तुकड्यात ठेवून तिथेच वैरण घाला. तो एक तुकडा खराब होईल, बाकीचे १५ वाचतील. हा निर्णय घ्यायला बहुतेकांचा हात अडखळतो, आणि तेवढ्यात सगळं कुरण जातं.

वाळलेल्या गवतावर वजन थांबतं त्याचं कारण पोट रिकामं हे नसतं. चाऱ्यात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातले, म्हणजे गुराच्या पहिल्या मोठ्या पोटातले, चारा पचवणारे जंतू उपाशी पडतात, काडी पचायला वेळ लागतो आणि जनावर खातंच कमी. इथे धान्य घालण्यापेक्षा प्रथिनं घाला. ३५-४० टक्के प्रथिनांची पेंड रोज अर्धा ते पाऊण किलो दिली की तेच गवत जास्त खाल्लं जातं. शेणाचा पो, म्हणजे एका वेळी पडलेला गोळा, बघा. पो उंच, थरांचा, कडक आणि भेगाळलेला असेल तर प्रथिनं कमी आहेत. मधे खळगा पडलेला, पसरट, मऊ असेल तर ठीक. पाण्यासारखं पातळ म्हणजे गवत फार कोवळं, अशा वेळी सोबत थोडी वाळलेली वैरण द्या. युरिया स्वस्त पडतो म्हणून हात सैल सोडू नका. एकूण कोरड्या द्रव्याच्या एक टक्क्यावर जायचं नाही, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवायचा, नीट मिसळायचा, आणि उपाशी जनावराला कधीच नाही. मीठ आणि खनिज मिश्रण वर्षभर समोर असावं.

कुंपणाला तारेची एक ओळ पुरते. ३०० किलोच्या जनावरांना जमिनीपासून ७५ ते ८० सेंटिमीटरवर, लहान वासरं असतील तर खाली आणखी एक. झटका मशीनचा दाब तारेच्या दूरच्या टोकाला ४,००० व्होल्टच्या वर मोजून घ्या. तो उतरतो तो दोन कारणांनी: तारेला गवत टेकलेलं असतं किंवा अर्थिंग कमी असतं. जवळपास दोन मीटर लांबीचे तीन रॉड, एकमेकांपासून तीन मीटरवर, ओलसर जागी पुरा. जमीन अगदी कोरडी पडली की झटका बसत नाही, तेव्हा शेजारी अर्थिंगला जोडलेली दुसरी तार लागते. काटेरी तारेत वीज कधीही सोडू नका, अडकलेलं जनावर सुटू शकत नाही. आणि नव्या कळपाला आधी पक्क्या आवारात दोन दिवस या तारेची ओळख करून द्या, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरून तार तोडून जातील.

पाण्याकडे मात्र कुंपणाहून जास्त लक्ष हवं. या वजनाच्या जनावराला दिवसाला ३० ते ४० लिटर लागतं, कडक उन्हात त्याहून जास्त. पाणी २००-२५० मीटरच्या आत असलं की एकेक जनावर जाऊन पिऊन परत चरायला लागतं. लांब असलं की अख्खा कळप एकदम जातो, दांडगी आधी पितात, दुबळी मागे राहतात आणि कळप परत फिरला की न पिताच मागोमाग निघतात. शिवाय सगळं शेण हौदाभोवती जमतं आणि लांबचा कोपरा वर्षानुवर्षं खताविना राहतो. दर चार तुकड्यांना मधोमध एक हौद ठेवला तर चार हौदांत काम होतं.

आता धोके. लसूणघास किंवा पांढरा क्लोव्हर असलेल्या तुकड्यात उपाशी जनावर सोडलं की फेसाची पोटफुगी होते, डावी कूस ताडकन वर येते आणि तासाभरात जनावर जाऊ शकतं. आधी वाळलेली वैरण पोटभर द्या, दव उडाल्यावर सोडा, पहिले काही दिवस वेळ वाढवत न्या. मिश्रणात द्विदल, म्हणजे लसूणघास-क्लोव्हरसारखा शेंगवर्गी चारा, निम्म्याच्या आत ठेवा. कूस फुगलेली दिसताच पशुवैद्यकाला बोलवा. ज्वारीवर्गीय चारा ताणात खुरटला असेल किंवा नुकता फुटला असेल तर त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य जास्त असतं, गुडघ्याच्या वर, ६० सेंटिमीटरपर्यंत येईपर्यंत त्यात चराई नको. नायट्रेट, म्हणजे चाऱ्यात साठलेलं आणि जास्त झालं की विषारी ठरणारं नत्राचं रूप, त्याची गोष्ट वेगळी आहे. सायनाइडचा धोका वाळवल्यावर बराच उतरतो, नायट्रेट वाळवूनही तसंच राहतं. जास्त नत्र दिलेला आणि पाण्याच्या ताणात सापडलेला चारा कापायची वेळ आली तर बुडखा उंच ठेवून कापा, कारण नायट्रेट खोडाच्या खालच्या भागात साठतं. जंतांच्या अळ्याही गवताच्या खालच्या पाच-सात सेंटिमीटरमध्येच जास्त असतात, म्हणून उंच बुडखा तिथेही कामी येतो. पण २४ दिवसांच्या विसाव्याने जंत संपतील असं समजू नका, ओल्या हवेत अळ्या त्याहून जास्त टिकतात. शेणाची तपासणी करून औषध ठरवा.

आणि तुमचा मूळ प्रश्न, गवत कोणतं. एक पूर्ण वर्ष वरच्या पद्धतीने चालवा. विसावा मिळाला की तुमच्याकडे मुळात कोणतं गवत आहे ते दिसायला लागेल, चांगल्या जातींचे दबलेले ठोंब परत वर येतात. तरी जिथे जमीन उघडीच राहील, तिथे मी दुसऱ्या गवतापेक्षा द्विदल टाकीन. उष्ण, हलक्या जमिनीत स्टायलो, थंड हवेत क्लोव्हर. चाऱ्यात २५-३० टक्के द्विदल आलं की प्रथिनं वाढतात आणि नत्राचं खत कमी लागतं. स्टायलोचं बी टणक सालीचं असतं, ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून मगच पेरा.

सुरुवात करताना सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते कोरडा काळ संपून पहिली हिरवळ दिसते त्या दोन-तीन आठवड्यांत. साठवलेली वैरण संपत आलेली असते, जनावरं हिरव्या वासाने तार ओढत असतात आणि कुरणावर जेमतेम चार बोटं गवत असतं. ते पूर्णपणे मुळांच्या साठ्यावर उगवलेलं असतं. तेव्हा कळप आहे त्याच तुकड्यात ठेवा, वैरण चालू ठेवा, आणि पहिला तुकडा ठरलेल्या उंचीला पोचला की मगच कुंपण उघडा. ओल संपताना चाऱ्याचा साठा मोजाल तेव्हा हे तीन आठवडे त्यात धरलेले असू द्या.